शॅम्पेनमधली नीळ

रंगारीकाकांनी आयुष्यात दारूचा थेंब शिवला नव्हता, पण आठवड्याला वीस-पंचवीस मीटर शॅम्पेन त्यांच्या दुकानातून बाहेर पडायची. हा विनोद त्यांचा स्वतःचा होता आणि नव्या गिऱ्हाइकाला तो ऐकवल्याशिवाय ते पावती फाडत नसत. मागच्या खोलीत कापडावर इस्त्री फिरवणारी त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, तो ऐकून दर वेळी हसायची. एकाच विनोदावर बावीस वर्षं हसणं ही काय चेष्टा आहे? अशा बायकांना कुणी शाल-नारळ देत नाही, म्हणून मी निदान इथे लिहून ठेवतो.

बावीस वर्षांपूर्वी एक बाई कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "हे शॅम्पेन कलरचं करून द्या." काकांनी शॅम्पेन फक्त ऐकली होती. दुसरा कुणी असता तर नमुना मागून मोकळा झाला असता. पण 'माहीत नाही' एवढे दोन शब्द काकांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठली शॅम्पेन?"

बाई गोंधळल्या. "म्हणजे? खूप असतात का?"

"पाच असतात," काका म्हणाले.

थाप मारून झाली, आता पाच करून दाखवणं आलं. दोन दिवस सगळी कामं बाजूला ठेवून काकांनी पाच चिंध्या रंगवल्या आणि त्यांना नावंही दिली. सगळ्यात फिका तो 'फेस', त्यानंतर 'भरला पेला', जरा गुलाबीकडे झुकलेला तो 'लाजरी', राखाडी छटेचा तो 'धुरकट', आणि सगळ्यात गडद, तपकिरीच्या वाटेवरचा, तो 'सकाळी उरलेली'. बाईंनी भरला पेला पसंत केला. मग त्यांच्या शिंपिणीनं धुरकट मागितला, एका पडदेवाल्यानं फेस मागितला, आणि बघता बघता सगळा बाजार या नावांनी बोलायला लागला. आजही तिथे कुणालाही विचारा, शॅम्पेन पाचच असतात.

फिके रंग हे रंगाऱ्याचं खरं दुखणं. काळ्यात चिमूटभर इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या बापाला कळत नाही. शॅम्पेनमध्ये मात्र सुईच्या टोकाएवढा पिवळा जास्त पडला की कापड आजारी दिसायला लागतं. म्हणून काका थेंबाथेंबानं काम करत. उकळत्या पाण्यात मीठ, वाटीत कालवलेला तपकिरी, त्यात मोजके थेंब पिवळा आणि नावाला काळा. कापडाचा कोपरा बुडवायचा, पिळायचा आणि काकूकडे फेकायचा. ओलं कापड नेहमी खऱ्यापेक्षा गडद दिसतं, त्यामुळे काकू तो कोपरा तिथल्या तिथे इस्त्रीनं कोरडा करायची. मग काका तो उंबऱ्यावर नेत, नमुन्याशेजारी उजेडात धरत, डोळे बारीक करत, आणि एकतर "अजून एक बुडी" म्हणत नाहीतर "झाला" म्हणत. "झाला" म्हणायचा अधिकार त्यांचा एकट्याचा. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांनी काकूला "तुला काय वाटतं?" असं एकदाही विचारलं नव्हतं आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नव्हतं. यात कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. वाटणीच तशी झाली होती, डोळा त्यांचा आणि इस्त्री तिची.

पण इस्त्रीखालून जाणारं कापड माणूस बघतोच. चौतीस वर्षांत किती हजार कोपरे काकूच्या हाताखालून गेले असतील, देव जाणे. एके दिवशी तिच्या हाताखाली फेस आला आणि तिला वाटलं, आपण कापड जाळलं. कडेपासून कडेपर्यंत पिवळसर झाक होती. तिनं इस्त्री कमी केली, दुसरा कोपरा घेतला. तीच झाक. काका उंबऱ्यावरून खणखणीत आवाजात म्हणाले, "झाला!" आणि काकू पहिल्यांदाच मधे बोलली.

"अहो, जरा पिवळट नाही वाटत?"

"पिवळट? तुझी इस्त्री तापलीय."

पुढचे दोन महिने ती इस्त्रीलाच दोष देत राहिली. पण दाट हिरवा, मरून, काळा, सगळे ठीक यायचे, फक्त फिके पिवळे पडायचे. परगावी राहणाऱ्या लेकीनं एकदा फोनवर सहज म्हटलं, "बाबांचे डोळे दाखवून घे गं, मागच्या वेळी माझ्या पांढऱ्या ओढणीला ते मोतिया रंगाची म्हणत होते." काकांनी ते ऐकलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस ते घरात धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी भर दुकानात बारीक सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवून दाखवला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू खटलाच जिंकला.

खरं कारण काकूला ठाऊक होतं. काकांना डॉक्टरची भीती नव्हती, नव्या भिंगाची होती. "डोळ्यातलं काढून दुसरं बसवतात म्हणे," ते एकदा जेवता जेवता म्हणाले होते. "त्याचा रंग कुठला, काय माहीत? या डोळ्यानं चाळीस वर्षं रंग जुळवले मी. उद्या नव्यातून सगळं निळं दिसलं तर काय करू, कोपऱ्यावर फुगे विकू?" हे बोलताना त्यांचा घास हातातच राहिला होता. काकूनं त्यानंतर विषय काढला नाही.

तिला उपाय सुचला तो घरच्या धुण्यात. जुन्या चादरी पिवळ्या पडल्या की ती शेवटच्या पाण्यात निळीचे दोन थेंब टाकायची आणि चादरी शुभ्र व्हायच्या. नीळ पिवळं मारते, एवढं शास्त्र तिला पुरेसं होतं. काका रोज दुपारी दोन ते तीन बाकावर आडवे व्हायचे. ते घोरायला लागले की काकूनं मागच्या खोलीत बादली भरायची, चार थेंब नीळ टाकायची आणि सकाळी 'झालेली' शॅम्पेन हळूच त्यात बुडवून काढायची. काका उठेपर्यंत कापड वाळून, इस्त्री होऊन, घडी घालून तयार. पहिल्या दिवशी तिनं मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. आपण चोरी करतोय असंच तिला वाटत होतं, आणि नवऱ्याच्या रंगात हात घालणं ही त्या घरात चोरीच होती.

असं आठ महिने चाललं. गिऱ्हाइकं खूश, काका खूश. काकूचा हात तर असा बसला की कापड बघून थेंब सांगायची, फेसला तीन, लाजरीला दोन, धुरकटला पाच. आणि एक गोष्ट तिनं स्वतःशीही धड कबूल केली नव्हती. दुपारचे दोन वाजायची ती वाट बघायला लागली होती. बादलीतून कापड वर काढून, उंबऱ्यावर जाऊन, अगदी हळू आवाजात ती स्वतःशीच "झाला" म्हणायची, आणि तिला फार बरं वाटायचं.

पण बाई इथे चुकली. आयुष्यभर जिनं दर आठवड्याला चादरींना नीळ घातली, तिच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नाही की नीळ दर आठवड्याला घालावी लागते, कारण ती दर आठवड्याला निघून जाते. अस्तरं, पडदे, पर्सची कापडं कुणी महिनोन्‌महिने धुवत नाही, म्हणून बिंग फुटलं नव्हतं.

ते फोडलं गाणाऱ्या बायकांनी. चौदा जणींचा एक गानसंघ होता आणि त्यांना कार्यक्रमासाठी एकसारखे लांब झगे हवे होते, भरला पेला रंगाचे. कापड काकांनी तीन घाण्यांत रंगवलं, काकूनं तीन दुपारी निळीतून काढलं, आणि शेजारच्या शिंपीणबाईंनी शिवलं. कार्यक्रम झकास झाला. मग बायकांनी झगे धुतले.

एका सकाळी शिंपीणबाई गठ्ठा घेऊन आल्या आणि त्यांनी तो गल्ल्यावर आदळला. या बाईंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची. "काका, हे काय आहे? चौदा बायका आणि चौदा रंग! रांगेत उभ्या राहिल्या तर न घासलेल्या दातांसारख्या दिसतायत. पुढच्या रविवारी त्यांचा दुसरा कार्यक्रम आहे, आता मी काय करू?"

"माझा रंग धुण्यात जात नाही," काका म्हणाले. आणि ते खरंच होतं, त्यांचा जात नव्हता. चौदांतली एक बाई पहिल्या कार्यक्रमाला आजारी होती, तिचा झगा धुतलेला नव्हता. काकांनी नेमका तोच उचलला, पांढऱ्या पातेल्यात गरम पाणी ओतलं आणि झगा आत दाबला. "बघा. थेंबभर रंग सुटला तर नाव बदलीन."

"अगंबाई," शिंपीणबाई वाकून म्हणाल्या, "पाणी निळं झालं की!"

काकांनी बोट बुडवून नाकाशी नेलं. निळीचा वास घराघरातला, त्याला डोळे कशाला लागतात? त्यांनी मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे काकू हातात इस्त्री घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा सगळं सांगत होता. शिंपीणबाई जिभेनं कितीही तिखट असल्या तरी शहाण्या होत्या. "परत रंगवावे लागणार, मी बाकीच्यांची बटणं उसवायला घेते," एवढंच म्हणून त्या तेरा झगे काखोटीला मारून निघून गेल्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आठ महिने."

"सगळ्यात?"

"फिक्यांत. गडद तुमचे बरोबर असतात."

काका स्टुलावर बसले. "म्हणजे आठ महिने मी त्या उंबऱ्यात उभा राहून 'झाला, झाला' ओरडतोय..."

"लोकांनी तुम्हाला हसू नये म्हणून केलं मी."

"लोक नाही हसले. तू हसलीस."

हे मात्र काकूला लागलं. तिनं इस्त्री खाली ठेवली. "बावीस वर्षं तुमच्या त्या शॅम्पेनच्या विनोदाला हसले. याला नाही हसले मी. रोज रडू यायचं मला याचं."

काका उठले आणि दुकान तसंच उघडं टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. काकूनं दार उघडलं, गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगितलं आणि रिकाम्या पातेल्यांसमोर बसून राहिली. आपण नवरा वाचवायला गेलो आणि त्याला भर बाजारात उघडं पाडलं, हे तिच्या मनातून जाईना. ते आता दुकानात पाऊलच टाकणार नाहीत अशी तिची खात्री झाली होती.

तिसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी उरलेल्या शॅम्पेनच्या कापडांतून आठ तुकडे कापले आणि गल्ल्यावर टाकले. "पिवळ्यापासून गोऱ्यापर्यंत ओळीनं लाव."

काकूनं दोन श्वासांत लावले. काकांनी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं एक ते आठ आकडे घातले, तुकडे पिसले आणि स्वतः लावायला बसले. उंबऱ्यावर नेऊन पाहिले, चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. पाव तास गेला. मग त्यांनी तुकडे उलटे केले. आठांतले दोन जागेवर होते. दुसरा आणि तिसरा कुठे गेले हे शोधत ते त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. काकूला वाटलं, जाऊन सगळे तुकडे विस्कटून टाकावेत.

"पाणी ठेव," काका म्हणाले. "चौदा झगे आहेत."

मग दोन दिवस त्या दोघांनी जे काम केलं तसं त्या दुकानात कधी झालं नव्हतं. नीळ काकांनी मोरीत ओतली. "पिवळं मारायला पक्का जांभळा लागतो, नखावर मावेल एवढा. नीळ नुसती पावडर लावल्यासारखी वर बसते." किती पाण्याला किती भुकटी, मीठ कधी, आच किती, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कधी थांबायचं, ते मात्र आता त्यांना कळत नव्हतं. पहिल्या झग्याच्या वेळी ते काठी घेऊन पातेल्यापाशी उभे राहिले आणि काकूकडे बघत राहिले. बाहेर उंबऱ्यावर झग्याचा कोरडा कोपरा धरून काकू उभी होती आणि तो पुन्हा पुन्हा नमुन्याला लावत होती. चोरून स्वतःशी म्हणणं वेगळं आणि हे वेगळं.

"झाला," ती पुटपुटली.

"मोठ्यानं म्हण. पाणी उकळतंय, ऐकू येत नाही."

"झाला!"

चौथा झगा तिनं घालवला. नको तितका राखाडी होऊ दिला. आता शिव्या बसणार म्हणून ती अंग चोरून उभी राहिली, पण काकांनी तो साबणाच्या गरम पाण्यात टाकला आणि म्हणाले, "माझे पहिल्या वर्षी पन्नास गेले होते. हा एक." मग कोपऱ्यावर किंचित तपकिरी देऊन राखाडी परत कसा आणायचा ते त्यांनी तिला दाखवलं. शनिवारी दुपारी शिंपीणबाई चौऱ्याऐंशी बटणं परत शिवायला बसल्या, आणि रविवारी चौदा बायका एका रंगात गायल्या.

सोमवारी काका आपणहून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दिव्यासमोर बसवून दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं की वयानं भिंगं पिवळी पडतात, यांची तर फिक्या चहाच्या रंगाची झालीत.

"फिक्या चहाच्या?" काकांनी काकूकडे वळून विचारलं. "म्हणजे भरला पेला की उरलेली?" मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "जन्मात थेंब शिवला नाही, आणि चढली ती थेट डोळ्यांत."

काकू हसली. हा विनोद नवीन होता.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काका सरळ दुकानात आले, पाच शॅम्पेनच्या चिंध्या काढल्या आणि एकेक डोळा झाकून बघायला लागले. डाव्यानं सगळ्या सारख्या, उजव्यानं पाच वेगवेगळ्या. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीला नव्या डोळ्यानं सगळं जरा निळसर दिसायचं, आणि ते रोज चिडचिड करायचे की भिंती कुणी धुतल्या. महिन्यानं डावाही झाला, आणि निळेपणा हळूहळू गेला. काकूनं मनाची तयारी केली. डोळा ज्याचा त्याला परत मिळाला होता, आपण आपली इस्त्री सांभाळावी. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण दुपारचे दोन वाजले की तिला उगाच कसंतरी व्हायचं.

दोन महिन्यांनी शिंपीणबाई एका अस्तराचं कापड घेऊन आल्या. भरला पेला, आणि आत्ता हवा, म्हणून त्या गल्ल्यापाशीच थांबल्या. काकांनी कोपरा बुडवला, पिळला, फेकला. काकूनं कोरडा करून हातात दिला. काका उंबऱ्यावर गेले आणि त्यांनी डोळे बारीक केले. कोपरा धरलेला हात त्यांनी मागे, तिच्याकडे केला.

"काय?" काकू म्हणाली. "दिसतंय की तुम्हाला आता."

"मला दिसतंय. तुला काय वाटतं?"

काकू पदराला हात पुसत पुढे आली. तिनं कोपरा घेतला, नमुन्याला लावला, उलटा करून पाहिला. "अजून एक बुडी."

"काहीतरीच काय? झालाय तो."

"नाही झाला. नमुना बघा, त्यात लाल आहे जरा."

"लाल? अगं हा भरला पेला आहे, लाजरी नव्हे!"

"मला नका शिकवू भरला पेला. बावीस वर्षं माझ्या इस्त्रीखालून गेलाय तो."

"आणि केला कुणी? मी केलाय तो!"

"केलात ना, मग नीट बघा!"

आवाज चढले. समोरचा कुलूपवाला बाहेर येऊन उभा राहिला. शिंपीणबाई दोनदा म्हणाल्या की मला उशीर होतोय, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती? चौतीस वर्षांत हे दोघं मिठावरून भांडले होते, पाहुण्यांवरून, पंख्याच्या वेगावरून, लेकीच्या सासरच्यांवरून भांडले होते. रंगावरून कधीच भांडले नव्हते, कारण भांडायला दोघांना बोलायचा हक्क लागतो. काकूचे कान लाल झाले होते, हातातला कोपरा रागानं हलत होता, आणि त्या रागाच्या खाली तिला इतका आनंद होत होता की आपण आता रडणार असं तिला वाटलं.

"बरं, अर्धी बुडी," काका शेवटी म्हणाले.

काकूनं कोपरा पुन्हा उजेडात धरला आणि घाई न करता विचार केला.

"अर्धी चालेल," ती म्हणाली.